आरोग्यधामाच्या भिंतीखालचा रस्ता

गेल्या पंधरवड्यात सोलापुरातील दोन गृहस्थांनी मला एकच प्रश्न विचारला. दोघांच्याही घरचे माणूस क्षयाने पाचगणीस आहे; दोघांनाही लहान मूल घेऊन भेटीस जावयाचे आहे; आणि मी आश्विनात दोन वर्षांच्या नातीला घेऊन तेथे अकरा दिवस राहून आलो, हे दोघांच्याही कानी गेले आहे. जावे की न जावे, एवढेच त्यांस हवे होते. त्याचे उत्तर मला एका कार्डात मावविता आले नाही. दोन पत्रे लिहून तेच दोनदा सोसण्यापेक्षा सारी हकीकत एकदाच लिहून काढतो. केवळ हवापालटासाठी जाणाऱ्यांसही तीत थोडेफार उपयोगाचे सापडेल. कारण पाऊस सरता सरता ते गाव फार सुंदर असते, आणि त्या सौंदर्याचा आनंद, नातीच्या संगतीने, मीही घेतला आहे.

मी दिवाणी कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालो. समन्स बजावणे, जप्ती करणे, ताबा देणे ही माझी तीस वर्षांची नोकरी. लेखी विचारले की लेखी उत्तर द्यावे लागते, आणि लेखी उत्तरात माणूस कोठेतरी सापडतो, या विश्वासावर मी माझे आयुष्य काढले. माझी एकुलती कन्या महादेवी गेल्या वर्षीच्या कार्तिकापासून पाचगणीच्या एका आरोग्यधामात होती. जावई अक्कलकोटचे, कापडाचे व्यापारी; दुकान सोडून येणे त्यांस जमत नसे. महादेवीची मुलगी नीलव्वा आमच्याकडे, माझ्या विधवा बहिणीच्या, गंगव्वाच्या, हाती वाढत होती. उन्हाळ्यात जावयांनी कळविले की डॉक्टरांनी आशा सोडली आहे. त्या दिवशी मी ठरविले की पाऊस थांबताच नीलव्वाला तिच्या आईपुढे नेऊन उभी करावयाची. या प्रवासाचा हेतू एवढाच होता.

वाईच्या पुढे

वाठार स्टेशनापर्यंतचे काही सांगण्यासारखे नाही. तेथून मोटार. चालकाच्या आसनामागे किती उतारू घ्यावेत याची पाटी रंगविलेली होती, आणि तिच्याखाली त्याहून पाच अधिक माणसे व एक टोपलीभर कोंबड्या बसविल्या होत्या. मी ती पाटी मोठ्याने वाचून दाखविली. चालक मागे न पाहताच म्हणाला, "काका, पाटी वाचत बसलं तर घाट कोन चढायचा?" सारी मोटार हसली. मी कंपनीचे नाव व गाडीचा क्रमांक टिपून घेतला. पुढे काही दिवसांनी त्यांस पत्र लिहिण्याचे माझ्या मनातून गेले, हे या हकीकतीत पुढे येणाऱ्या गोष्टींमुळे.

वाई सोडली आणि पसरणीचा घाट लागला. आमच्याकडे काळ्या रानात जमीन जेथवर जाते तेथवर सपाट जाते. डोळ्याला अडथळा म्हणजे एखादे लिंबाचे झाड. येथे प्रत्येक वळणाला दरी आमच्या अंगावर येऊन पुन्हा मागे सरत होती. खाली कृष्णेच्या काठी भाताची खाचरे पिवळी पडू लागलेली; कड्यांवरून पावसाळ्यातील धबधब्यांचे उरलेले दोरे अजून लोंबत होते. निम्म्या घाटात आम्ही ढगाच्या वर आलो. नीलव्वाने खिडकीतून खाली पाहिले, आणि दरीतून वर येणारा तो पांढरा लोट पाहून बोट दाखवीत ती म्हणाली, "अज्जा, गिन्नी!"

सोलापूरच्या लेकराला पांढरे काही वर चढताना दिसले की ती गिरणीच.

"गिरणी न्हाय गं बाई, ढग हाय," गंगव्वा म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "अण्णा, तुझा चेहरा असा काय? त्या ढगावर पण अर्ज करणार हायस काय?"

तिचे वाक्य पुरे होण्यापूर्वीच नीलव्वा माझ्या कोटावर ओकली.

सोनाबाईंच्या दोन खोल्या

पाचगणीत बिऱ्हाड मिळविणे ही एक स्वतंत्र परीक्षा आहे. सोलापुरात घरमालक विचारतो, माणसे किती. येथे विचारतात, खोकतो कोण. दोन दारांवरून आम्हांला, आरोग्यधामाचे नाव काढताच, परत पाठविण्यात आले. एका गृहस्थाने तर मी पायरीवर ठेवलेली आमची वळकटी काठीने खाली ढकलली. मी त्यास विचारले की हे त्याने कोणत्या अधिकाराने केले. त्याने दार लावून घेतले. तिसऱ्या ठिकाणी सोनाबाई म्हणून दूध विकणाऱ्या एक मराठा बाई होत्या. त्यांनी आम्हांस उंबऱ्याबाहेर उभे करून आधी नीलव्वाकडे पाहिले.

"कुटनं आलासा?"

"सोलापूर."

"पोरीला खोकला न्हाई नव्हं?"

"नाही."

"आणि तुमास्नी?"

"मलाही नाही. हवे तर लिहून देतो."

"लिवून काय करायचं? मला वाचाया कुटं येतंय," त्या म्हणाल्या. "रातभर ऐकीन की. खोकलासा तर सकाळी गठुडं बाहेर."

या करारात मला एकही पळवाट सापडली नाही. आम्ही राहिलो. खोल्या मागच्या बाजूस, दगडी आणि ओलसर होत्या. पण समोर सिल्व्हर ओकच्या झाडांची रांग, आणि तिच्यामधून दरीचा निळा तुकडा दिसे. गंगव्वाने घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी डबा भरून आणली होती. सोनाबाईंनी त्या भाकरीचा तुकडा मोडला, कानाजवळ नेऊन त्याचा आवाज ऐकला, आणि "ही भाकर हाय का कौल?" म्हणून विचारले. मोबदल्यात त्यांनी आम्हांस नाचणीची मऊ भाकर व ताजे लोणी दिले. नीलव्वाने दोन्हीकडची बाजू घेतली. कडक भाकरीवर लोणी फासून ती सारा वेळ चोखीत बसे.

कागदपत्र

मी येत असल्याचे व सोबत मूल असल्याचे आरोग्यधामाच्या मुख्य डॉक्टरांस सोलापुराहूनच कळविले होते. त्यांचे टंकलिखित उत्तर फाटकावरील पहारेकऱ्याकडे ठेवलेले होते. भेट दर गुरुवारी चार ते पाच. दहा वर्षांखालील मुलास आवारात प्रवेश नाही. कळावे.

तो सोमवार होता. मी फाटकातूनच परतलो आणि दुसरे पत्र लिहिले. आईस मुलाचे दर्शन नाकारण्याचा अधिकार नियम करणाऱ्यास कोणी दिला, हा नियम कोणत्या कायद्यान्वये केला, व त्याची मंजूर प्रत पाहावयास मिळेल काय, असे तीन प्रश्न त्यात होते. मंगळवारी उत्तर आले: नियम सर्वांस सारखा आहे, प्रत कार्यालयात लावली आहे. मी जाऊन ती प्रत शब्दशः उतरवून आणली व तिसरे पत्र लिहिले.

"तिला एक कागद लिहून बघ की अण्णा," गंगव्वा नीलव्वाचे झबले वाळत घालता घालता म्हणाली.

"कोणाला?"

"मादीला. महादेवीला. आणि कुणाला?"

मी तिच्याकडे पाहिले. आमच्या घरात लग्न झालेल्या मुलीच्या नावाने बापाने पत्र लिहावयाचे नसते. पत्र जावयाच्या नावाने जाते. शेवटच्या ओळीत मुलीस आशीर्वाद असतो. माझ्या वडिलांनी गंगव्वाला कधी लिहिले नाही. मी महादेवीला लग्नाला सहा वर्षे होऊनही कधी लिहिले नव्हते, आणि लिहावे असे मला कधी सुचलेही नव्हते. "गुरुवारी भेटच आहे," मी म्हणालो, आणि चौथ्या पत्राचा मसुदा हाती घेतला.

पठारावर

बुधवारी सकाळी धुके फाटले. गंगव्वाने माझी दौत उचलून फळीवर ठेवली आणि आम्ही टेबललँड म्हणतात त्या पठारावर गेलो. डोंगराचा माथा कोणी सुरीने कापून काढावा असे ते पठार आहे. गवत नीलव्वाच्या कमरेपर्यंत, आणि त्यात सोनकीची पिवळी फुले इतकी की चालताना पाय ठेवावयास जागा शोधावी लागे. तट्टूवाल्यांनी आम्हांला वेढले. एका तांबड्या तट्टावर मी तिला धरून बसविले. ते तट्टू दहा पावले चालून गवत खाऊ लागले आणि वर कोणी बसले आहे हे साफ विसरले. तट्टूवाला ओरडला, मी ओरडलो, नीलव्वा मात्र त्याची आयाळ मुठीत धरून त्याच्या कानात काही सांगत राहिली.

सोलापुरात या महिन्यात ऊन असते. येथे ऊन अंगावर पडते आणि तरीही हवा गार असते, ही गोष्ट तिला एखाद्या खेळाप्रमाणे वाटली. सावलीत जावयाचे आणि शहारावयाचे, उन्हात यावयाचे आणि हसावयाचे. असे तिने तासभर केले. एका बाईने निखाऱ्यावर मक्याची कणसे भाजली होती, त्यांतील एक आम्ही घेतले. परतताना तिला एकाएकी खोकला आला. मी जागच्या जागी थांबलो. गंगव्वाच्या हातातील पिशवी पडली. आम्ही दोघे गवतात गुडघे टेकून त्या लेकराच्या तोंडाकडे पाहत होतो. तिने आणखी दोनदा खोकून मक्याचा एक दाणा बाहेर काढला आणि तो पुन्हा तोंडात घातला. गंगव्वा खाली बसली ती लवकर उठली नाही.

गुरुवार, चार वाजता

आरोग्यधामात भिंती कमी आणि व्हरांडे जास्त. रुग्ण दिवसभर उघड्या हवेत पलंगावर असतात. दरीकडे तोंड केलेले ते पलंग ओळीने पाहिले की एखादी सभा भरली असून वक्ता यावयाचा आहे असा भास होतो. महादेवी शेवटून तिसरी. मी तिला ओळखले ते गळ्यातील शिवदाऱ्यावरून, इष्टलिंग बांधावयाच्या दोऱ्यावरून. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना अडचण होते म्हणून तिने इष्टलिंग दंडाला बांधले होते, पण दारा गळ्यातच होता. बाकी ओळखण्याजोगे फारसे उरले नव्हते. वय पंचवीस.

मला पाहून तिने डोक्यावरून पदर घेतला. मी खुर्चीवर बसलो.

"अत्तीचे गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत. गंगव्वा आली आहे सोबत."

"तिकडं पाऊस झाला का?"

"बेताचा झाला. ज्वारी पेरली."

"बरं झालं."

बापलेकीचे बोलणे आमच्यात एवढेच असते. ती मुलीचे नाव काढील म्हणून मी पाच वाजेपर्यंत वाट पाहिली. तिने काढले नाही. उठताना मीच म्हणालो, "नीलव्वाला आणली आहे. या लोकांनी अडविले आहे. मी पाहून घेतो."

"नको, अप्पा," ती म्हणाली. मला वाटले, ती या लोकांना भिते. परिचारिका पलीकडेच उभी होती. माझ्या मुलीला तिच्या मुलीचे नाव उच्चारण्याची चोरी व्हावी, या विचाराने माझ्या अंगाचा इतका तिळपापड झाला की फाटकातून बाहेर पडताना काठी मी तेथेच विसरलो.

भिंतीबाहेर

नियमाचे शब्द "आवारात प्रवेश नाही" असे होते. आवार म्हणजे भिंतीच्या आतील जागा. शुक्रवारी मी म्युनिसिपालटीच्या कचेरीत जाऊन नकाशा पाहिला. आरोग्यधामाच्या खालच्या अंगाने जाणारा तांबड्या मातीचा रस्ता हा सार्वजनिक रस्ता होता, भिंत गुडघ्याएवढी, आणि तेथून महादेवीचा व्हरांडा फार तर तीस पावले. मी कारकुनाकडून तसे लेखी घेतले.

शनिवारी सकाळी आम्ही तिघे त्या रस्त्यावर उभे राहिलो. मी भिंतीच्या कडेला, कचेरीचा कागद खिशात. नीलव्वाने निळे झबले घातले होते. व्हरांड्यावरच्या काही रुग्णांनी माना वळविल्या. एक म्हातारे गृहस्थ चक्क उठून बसले आणि हात हलवू लागले. नीलव्वानेही हात हलविला. मी शेवटून तिसऱ्या पलंगाकडे पाहिले. महादेवीने आम्हांला पाहिले, यात शंका नव्हती. तिने पदर ओढून सारा चेहरा झाकून घेतला, आणि आम्ही तेथे होतो तोवर तो काढला नाही.

"ऊन लागत असेल," मी म्हणालो.

परतताना नीलव्वाच्या एका पायात बूट नव्हता असे ध्यानात आले, परत जाऊन शोधू या म्हटले तर गंगव्वा म्हणाली, "ऱ्हाऊ दे अण्णा. तितं परत नको जायाला."

"का?"

"तुला दिसलं न्हाय? पोरीनं तोंड झाकलं."

"परिचारिकेने दटावले असेल."

"तू वकिलाच्या कानानं ऐकतोस आणि बेलिफाच्या डोळ्यानं बघतोस," माझी बहीण म्हणाली. एवढे कठोर ती मला जन्मात बोलली नव्हती.

रविवारी मी जिल्ह्याच्या कलेक्टरांस चार पानी तक्रार लिहून टपालात टाकली. मातेवर दडपण आणून तिला स्वतःच्या अपत्यापुढे तोंड झाकावयास लावले, असे शब्द त्यात होते. रीतीप्रमाणे एक प्रत मी डॉक्टरांस पाठविली.

डॉक्टरांच्या खोलीत

सोमवारी त्यांनी मला बोलावले. पन्नाशीचे, स्वतःही एके काळी याच दुखण्यातून उठलेले असावेत अशा अंगाचे गृहस्थ. माझी चारही पत्रे व तक्रारीची प्रत त्यांच्यापुढे क्रमाने लावलेली होती.

"नाझरसाहेब, प्रत पाठवलीत म्हणून आभारी आहे. बहुतेक लोक पाठवत नाहीत."

"माझ्या प्रश्नांची उत्तरे मला मिळाली नाहीत."

"देतो. नियम मी केला. त्याला एक अपवादही मीच ठेवला आहे. रुग्णाने स्वतः मागितले तर बागेच्या टोकाशी मूल उभे करतो. तुमच्या मुलीला मी दोनदा विचारले. तुमचे पहिले पत्र आले तेव्हा, आणि गेल्या बुधवारी."

मी म्हणालो, "आणि ती नको म्हणाली, असे आपले म्हणणे आहे?"

"माझे म्हणणे नाही." त्यांनी खणातून एक कागद काढला. "हे मी तुम्हांला दाखवायचे नव्हते. तिने तशी विनंती केली होती. पण आता प्रकरण कलेक्टरांकडे गेले. मला माझ्या परिचारिकांचाही विचार केला पाहिजे."

अक्षर मी ओळखले. पाटीवर ते मीच गिरवून घेतले होते. चारच ओळी होत्या. मुलीस आणू नये. तिला माझी ओळख नसावी अशी माझी इच्छा आहे. ती अत्तीला अव्वा, म्हणजे आई, म्हणते ते तसेच राहावे. वडिलांस हे माझे म्हणणे आहे असे कळवू नये, त्यांना फार लागेल. नियम आहे एवढेच सांगावे.

मी तो कागद परत दिला. तेथेच त्यांच्या टेबलावर बसून मी कलेक्टरांस दुसरे पत्र लिहिले की माझी तक्रार मागे घेतली असे समजावे, वस्तुस्थितीची माहिती न घेता ती केली गेली. लिहिलेले परत घेण्याचे हे माझे पहिलेच पत्र. डॉक्टरांनी ते आपल्या शिपायाकरवी टपालात टाकविले, आणि फाटकाशी विसरलेली माझी काठी मला आणून दिली.

मंगळवार आणि बुधवार मी नीलव्वाबरोबर हिंडलो. एके ठिकाणी झऱ्याचे पाणी रस्त्यावरून वाहत होते. ती त्यात बसली आणि उठेना. सोनाबाईंच्या म्हशीला तिने आपली भाकर भरविली. दरीच्या कडेला उभे राहून ती खालच्या गावांना हाका मारी आणि उत्तराची वाट पाही. तिला त्या दोन दिवसांत जितका आनंद झाला तितका मी कोणत्याही मुलास झालेला पाहिला नाही. तिचा हात माझ्या बोटाभोवती होता. दौत फळीवरच होती.

दुसरा गुरुवार

"कलेक्टरला लिहिलंत म्हणे," महादेवी म्हणाली. आवाज आठवड्यात आणखी खाली गेला होता. मला खुर्ची पुढे ओढावी लागली.

"मागे घेतले."

"बरं केलंत."

मग मी म्हणालो, "मला सांगायचे होतेस."

"कसं सांगू, अप्पा? तुमची पत्रं ह्यांच्या नावानं यायची. माझ्या नावचं एक तरी आलं असतं तर त्याला उत्तर दिलं असतं की."

दरीतून ढग वर येत होते.

"अव्वा गेली तेव्हा मी चार वर्षांची होते," ती पुढे म्हणाली. अव्वा म्हणजे तिची आई, माझी पत्नी. तीही याच रोगाने गेली, आमच्या घरातल्या माडीवर. "तुम्ही मला रोज दिवेलागणीला तिच्या दाराशी बसवायचात. आठवतं?"

मला आठवत होते. माझी आई विरोध करीत असे, आणि मी तिला सांगत असे की आईचा लेकरावर हक्क आहे, तो कोणी काढून घेऊ शकत नाही. मी तेव्हा तिशीचा होतो आणि हक्क या शब्दावर माझा फार भरवसा होता.

"मला अव्वाचं दुसरं काही आठवत नाही, अप्पा. ती गात होती म्हणतात. कशी होती दिसायला, कुणाला विचारलं तर छान होती म्हणतात. मी डोळे मिटले की पितळी पिकदाणी दिसते, वर राख टाकलेली. आणि तो आवाज. बाकी काही नाही. वीस वर्षं झाली." तिला धाप लागली. परिचारिका पुढे आली, तिने हाताने थांबविले. "नीलूला हे नको. काही नसलेलं बरं."

माझ्या डोळ्यांत पाणी आले की काय मला ठाऊक नाही. तिने मात्र बोलण्याचा रोख बदलला.

"शनिवारी एक बूट कुठं पाडला तिनं?"

"तुला कसे कळले? तू तर तोंड झाकून घेतले होतेस."

"जुनं पातळ आहे, अप्पा. विरलंय. आतनं सगळं दिसतं." पदराआड ती हसली असावी. "मला ती बघायची आहे. तिनं मला बघायचं नाही. जायच्या दिवशी आणाल का एकदा? रस्त्यावरच. तो रस्ता म्युनिसिपालटीचा आहे, तुम्ही लेखी घेतलंय म्हणे."

शुक्रवारी सकाळी

ज्या दोन गृहस्थांनी विचारले त्यांस माझे उत्तर असे. जाण्यापूर्वी रुग्णास विचारावे. त्याच्याच नावाने, आपल्या हाताने पत्र लिहून विचारावे. डॉक्टरांस नव्हे, जावयास नव्हे, मुलाच्या बापासही नव्हे. आणि जे उत्तर येईल त्यावर अपील करू नये. सोलापुरास परतल्यावर मी महादेवीला तिच्या नावाने सात पत्रे लिहिली. तिची तीन उत्तरे आली. कार्तिकात ती गेली. घाटाखाली, वाईच्या बाजूस, आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे तिला मातीत बसविले. ती नाही म्हणूनच हे मी उघडपणे लिहू शकलो.

आता त्या सकाळचे सांगावयाचे राहिले. दहाच्या मोटारीने निघावयाचे होते. आठ वाजता आम्ही भिंतीखालच्या रस्त्यावर गेलो. रात्रीच्या दवाने माती काळसर झाली होती आणि सिल्व्हर ओकची पाने उन्हात उलटीसुलटी होऊन चमकत होती. महादेवीला उशा लावून बसविले होते. पदर हनुवटीच्याही खाली ओढलेला. तिने हात हलविला नाही, मीही हलविला नाही.

भिंतीच्या कडेने तेरडा माजला होता. त्याच्या पिकलेल्या बोंडाला बोट लागले की ते फुटून बी उडते, हे गंगव्वाने नीलव्वाला दाखविले मात्र, तिला वेडच लागले. एक बोंड फुटले की ती दचके, मग किंचाळून हसे, मग दुसरे शोधी. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने एकही सोडले नाही. व्हरांड्यावरचे ते म्हातारे गृहस्थ तिच्याबरोबर हसू लागले आणि मग खोकू लागले. मी घड्याळ काढले नाही. गंगव्वा मुद्दाम तिला भिंतीच्या मधोमध, व्हरांड्यासमोर, परत परत आणीत होती आणि परत परत तिच्या झबल्याची कड सारखी करीत होती.

बोंडे संपली. नीलव्वाने इकडेतिकडे पाहिले, आणि मग तिची नजर वर गेली. सगळ्या पलंगांवर चेहरे होते. एका पलंगावर नव्हता. ती भिंतीला हात टेकून उभी राहिली.

"अज्जा," तिने बोट दाखविले, "कोन?"

डोंगरातली हवा स्वच्छ असते. बोललेले लांबवर ऐकू जाते. गंगव्वा माझ्याकडे पाहत होती. पदर स्तब्ध होता.

"कोणी नाही, बाळ," मी म्हणालो.

पदराखालचे डोके एकदा हलले, होय म्हणून.